शार्कच्या पाठीवरचा पत्ता

बोटीला खेटून पाणी घुसळणाऱ्या शार्कला टेप लावणं सोपं नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौसेने गळ टाकणारे लोक म्हणूनच त्याची लांबी बहुधा नजरेने ठरवतात. नर की मादी, हे मात्र नीट बघितलं तर कळतं. नराच्या पोटाखालच्या परांना दोन लांबट दांडे असतात. मग काठीच्या टोकाला बसवलेला छोटा पोलादी बाण पाठीवरच्या पहिल्या पराच्या बुडाशी टोचायचा, दोरी कापायची आणि मासा सोडून द्यायचा. पुढचं काम कार्डावर: तारीख, ठिकाण, जात, लिंग, लांबी.

जॅक केसी या मत्स्यशास्त्रज्ञाने हा उद्योग १९६२ मध्ये सुरू केला, तेव्हा स्वयंसेवक शंभरही नव्हते. पुढे ते हजारोंच्या घरात गेले. बोट, डिझेल, आमिष सगळं त्यांच्याच खिशातून. एवढा समुद्र पिंजून काढणं संशोधकांच्या एखाददुसऱ्या जहाजाला झेपलंच नसतं.

बाणाला नायलॉनचा धागा, धाग्याला पारदर्शक कुपी आणि कुपीत चिठ्ठी: हाच तो टॅग. मजकूर इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जपानी आणि नॉर्वेजियन भाषांत, कारण तोच मासा पुन्हा कुठल्या देशाच्या बोटीवर चढेल याचा नेम नाही. मासा सापडल्याचं कळवणाऱ्याला बक्षीस म्हणून टोपी!

२०१३ पर्यंत सुमारे २ लाख ३० हजार शार्कना टॅग लागले, त्यातले साधारण १३,४०० पुन्हा सापडले. म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत. पण तेवढ्यांनी बरंच सांगितलं. एक निळा शार्क टॅग लागला तिथून ३,९९७ सागरी मैलांवर, म्हणजे जवळपास ७,४०० किलोमीटरवर मिळाला. हे अंतर किमान धरायचं. टॅगला फक्त दोन ठिकाणं ठाऊक; मधे मासा कुठे भटकला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

सँडबार शार्कची गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यातला एक २७.८ वर्षांनी पुन्हा हाती लागला. वाढीचा हिशेब मांडताना नजरेचा अंदाज कुचकामी. दोन्ही वेळा नीट मोजलेले मासेच घ्यावे लागतात. तसे घेतले तेव्हा दिसलं, की हा मासा समजुतीपेक्षा फारच सावकाश वाढतो. पिल्लं घालण्याच्या वयाला यायलाच त्याला अनेक वर्षं लागतात, त्यामुळे मासेमारीने घटलेली संख्या पटकन भरून येत नाही. अमेरिकेत २००८ पासून सँडबारची व्यापारी मासेमारी संशोधनापुरतीच उरली आहे. हौशी माणसाच्या गळाला तो लागलाच, तर त्याला घरी नेता येत नाही, सोडूनच द्यावा लागतो.