गेटवेचं माहेर

मालाड स्थानकावरून मार्वेच्या बाजूला निघालं की खारोडी लागतं. रिक्षावाल्याला ‘जुनी दगडाची खाण’ म्हटलं, तर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. “खाण कुठली साहेब? सगळ्या बिल्डिंगा झाल्या.” खरंच होतं त्याचं. पण गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड इथलाच.

गेटवेचा इतिहास शाळेपासून पाठ असतो. डिसेंबर 1911मध्ये पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, तेव्हा पुठ्ठ्याच्या कमानीवर वेळ मारून नेली होती. जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला 1914 साली, उद्घाटन 4 डिसेंबर 1924, खर्च 21 लाख. आकडे सगळे सापडतात. दगड कोणी काढला, ते मात्र विचारावं लागतं.

नाक्यावरच्या टपरीवर एक वडार आजोबा भेटले. त्यांचे आजोबा खाणीवर घण मारत. मी वही काढली, तर त्यांनी पिशवीतून सुतकी काढली आणि फुटपाथच्या कडेच्या दगडावर दोनदा ठोकली. “खणखणला तर घडवायला. बद्द वाजला की आत चीर, तो खडीला.” चांगल्या दगडाला छिन्नीने एका रेषेत भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जोराने ठोकत जायचं. “एका पाचरीवर राग काढलास, की दगड वाकडा गेलाच.” पुरुष घणावर, बायका खडीवर. मजुरी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांचा ढीग उभा राहिला की पैसे. डोळ्यात कपची गेली तर पदराच्या टोकाने काढायची आणि पुन्हा बसायचं. काळा दगड हाताला मार देतो, पिवळा ऐकतो, असंही म्हणाले.

याच वडार समाजाला इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ जमातींत घातलं होतं. सरकारी यादीत आज ते ‘विमुक्त’ आहेत. खारोडीत मात्र त्यांच्या नावाची साधी पाटीही मला दिसली नाही. एवढ्या टॉवरांत एखाद्याच्या नावात ‘खाण’ घालायला काय हरकत होती?

आजोबा अजून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावतात. मिक्सरमुळे आठवड्याला एखादंच काम येतं. तुमचा पाटा गुळगुळीत झाला असेल तर घेऊन जा. सकाळी दहाच्या आत टपरीवर असतात.