विहिरीतलं नायट्रेट नेमकं आलं कुठून?

संशोधनाचा विषय विचारला की बरेच जण सांगतात, “मला नदीच्या पाण्याची गुणवत्ता तपासायची आहे.” छान. पण तपासून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळवणार? हे एका उदाहरणातून पाहू.

घोड नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, डिंभे धरणात अडते आणि पुढे घोडेगावजवळून वाहत जाते. समजा, धरणाच्या खालच्या भागातल्या एका विहिरीत लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रेट सापडलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे ४५. (काही अहवालांत फक्त नायट्रोजनचा आकडा देतात, तिथे हेच ४५ म्हणजे साधारण १०. तुलना करण्याआधी एकक बघा!)

पाणी पिण्यालायक नाही, एवढं कळलं. पण नायट्रेट आलं कुठून? उसाला घातलेल्या युरियातून, गोठ्यामागच्या उकिरड्यातून, की शोषखड्ड्यातून? उत्तरावर उपाय ठरतो. ते चुकलं तर भलत्याच माणसावर ठपका येतो, पैसे खर्च होतात आणि पोरंबाळं तेच पाणी पीत राहतात.

इथे समस्थानिकं कामी येतात. समस्थानिकं म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू. नायट्रोजन १४ वजनाचा असतो, थोडासा १५ चाही. युरियातला नायट्रोजन कारखान्यात हवेतूनच घेतलेला, म्हणून त्याचं डेल्टा मूल्य शून्याच्या आसपास. शेण-मूत्रातून मात्र हलका अमोनिया आधी उडून जातो, जड मागे उरतो. त्यातून तयार झालेल्या नायट्रेटचं मूल्य बहुधा अधिक १० ते अधिक २० दर हजारी मिळतं.

म्हणजे १२ आलं की शेणखत? थांबा. प्राणवायू नसलेल्या ठिकाणी जिवाणू नायट्रेट खातात आणि तेही हलकं आधी उचलतात. अशा वेळी युरियाचं नायट्रेटही शेणखतासारखं दिसू लागतं. म्हणून नायट्रेटमधल्या ऑक्सिजनची समस्थानिकंही मोजा. नायट्रेटचं प्रमाण घटत असताना दोन्ही मूल्यं एकत्र वाढत असतील, तर तो जिवाणूंचा उद्योग असण्याची शक्यता मोठी.

दुसरी अडचण: शेण आणि मानवी मैला, दोन्हींची नायट्रोजन मूल्यं जवळपास सारखीच. इथे सेंद्रिय भूरसायनशास्त्राकडे वळावं लागतं. कोप्रोस्टॅनॉल हा रेणू माणसाच्या आतड्यात कोलेस्टेरॉलपासून बनतो. गाई-म्हशींच्या शेणात त्याऐवजी वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनलेले त्याचे भाऊबंद जास्त असतात. दोघांच्या गुणोत्तरावरून अंदाज बांधता येतो. मात्र हे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, गाळाला चिकटतात. त्यामुळे पाण्याबरोबर ओढ्याचा किंवा विहिरीच्या तळाचा गाळही घ्या.

तिसरा प्रश्न: विहिरीत पाणी तरी कुणाचं? पावसाचं की कालव्यातून पाझरलेलं? १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी दाखवलं की जगभरच्या पावसाच्या पाण्यातला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन एका रेषेवर बसतात, तिचा उतार ८. धरणात उन्हाने तापून बाष्पीभवन झालेलं पाणी या रेषेवरून घसरतं, उतार बहुधा ४ ते ६ होतो. उन्हाळ्यात कालव्याजवळच्या विहिरीचं पाणी तिथे बसलं, तर त्यात धरणाचं पाणी आहे असं म्हणायला आधार मिळतो.

आता नमुने घेताना. पाण्याच्या समस्थानिकांसाठी बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. नायट्रेटचा नमुना तिथल्या तिथे गाळा, बर्फात ठेवा आणि प्रयोगशाळेत आल्यावर गोठवा. सेंद्रिय रेणूंसाठी काचेची बाटली वापरा, प्लॅस्टिक नको. आणि युरिया, शेणखत, सांडपाणी, पाऊस, कालवा या प्रत्येक स्रोताचा स्थानिक नमुना घ्याच. पुस्तकातली मूल्यं तुमच्या शिवाराला लागू पडतीलच असं नाही.

आणखी एक. बाटल्या धुवायच्या आधी विहिरीच्या मालकाशी बसून चहा घ्या. युरिया कधी टाकला, कालव्याचं आवर्तन कधी सुटलं, उकिरडा कधी हलवला, हे वहीत लिहून घ्या. या तारखा नसतील, तर महागड्या यंत्राने दिलेल्या आकड्याचा अर्थ तुम्हाला लावता येणार नाही.