खडू, टेप आणि ओढ्यातलं पाणी

पहाटे साडेपाचला मी विहिरीच्या कठड्यावर ओणवी झाले होते आणि आबा, म्हणजे माझे सासरे, शेजारी उभं राहून मोटरच्या पेटीकडे बघत होते. त्या आठवड्यात थ्री-फेज लाइट सकाळी साडेआठला येत होती. म्हणजे रात्रभर उपसा नव्हता, पाणी आपल्या पातळीला येऊन थांबलं होतं. मोजायची वेळ हीच. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर मोजलं तर ती उपशाची पातळी येते, जमिनीखालच्या पाण्याची नाही.

हातात तीस मीटरची पोलादी टेप होती. तिच्या टोकाला वजन बांधलेलं आणि टोकाकडच्या पहिल्या मीटरभर भागाला फळ्यावरचा पांढरा खडू घासलेला. टेप सोडत न्यायची, 11 मीटरची खूण कठड्यावर रंगवलेल्या रेघेशी आली की क्षणभर धरायची आणि वर ओढून घ्यायची. विहिरीत अंधार असतो, टेप पाण्याला नेमकी कुठे टेकली ते वरून दिसत नाही. खडू मात्र सांगतो, कारण जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत तो काळपट होतो आणि कोरड्या-ओल्याची रेघ स्वच्छ उमटते. त्या दिवशी ती 34 सेंटिमीटरवर होती. 11 मधून 0.34 गेले, 10.66 राहिले. त्यातून कठड्याची उंची 0.75 वजा केली. जमिनीपासून पाणी 9.91 मीटर खाली.

‘‘किती?’’ आबांनी विचारलं.

‘‘नऊ मीटर एक्क्याण्णव.’’

‘‘परसात सांग.’’

परस म्हणजे पुरुषभर उंची, आबांच्या हिशेबात पाच-सहा फूट. मी मनात गुणाकार केला. साडेपाच परसाला थोडं कमी. ‘‘औंदा मे लागायच्या आदीच सहाव्या परसात गेलं म्हन की,’’ ते म्हणाले आणि गोठ्याकडे वळले. मी वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला. शेजारी आबांचा परसही लिहिला. पुढे दर सोमवारी मी दोन्ही रकाने भरत गेले.

जुलैपासून मी पर्यावरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसणार होते. ऑनलाइन, दोन वर्षांचा, नोकरी सांभाळून करायचा. मी वाईजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. रसायनशास्त्रातली पदवी आणि बी.एड. होऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं ते नववीतल्या एका मुलीमुळे. ‘‘बाई, धरण एवढं जवळ आहे, तर आमची विहीर का आटते?’’ मी तिला उत्तर दिलं, पण ते अर्धं होतं हे बोलतानाच मला कळत होतं. कालव्याचं पाणी उताराने वाहतं, कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या रानाला ते मिळत नाही, एवढं मी सांगितलं. पण त्या रानाखाली काय आहे, तिथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मला सांगता आलं नाही.

प्रवेश नक्की झाल्यावर पहिल्यांदा हिशेब केला तो तासांचा. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात. सत्राला 20 क्रेडिट असले तर 600 तास. सव्वीस आठवड्यांनी भागले की आठवड्याला तेवीस तास होतात. शाळा, घर, मुलाची दहावी आणि त्यात तेवीस तास. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा एवढीच मोकळी जागा हाताशी होती. शिवाय या अभ्यासक्रमात प्रयोगशाळा नाही. व्याख्यानं पडद्यावर, स्वाध्याय पडद्यावर, चर्चाही पडद्यावर. म्हणून मी ठरवलं की पायाखालची जमीन आपण आधी नेमून घ्यायची. एक विहीर, एक ओढा, एक पाणलोट. पुढे पडद्यावर जे जे येईल ते या तीन ठिकाणी नेऊन ताडून बघायचं.

वाचनाला सुरुवात केली तेव्हा इंग्रजी आड आलं. शब्द कळत होते, वाक्यही कळत होतं, पण पान उलटलं की मागचं हाती लागत नव्हतं. वाईच्या माणसाला अशा वेळी एक आधार असतो. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, आणि पहिला खंड 1976 सालचा. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ते जाड खंड आहेत आणि आता विश्वकोश जालावरही वाचता येतो. मी रोज एक इंग्रजी प्रकरण वाचायची आणि मग त्याच विषयावरची विश्वकोशातली नोंद काढायची. इकॉलॉजीला तिथे ‘परिस्थितिविज्ञान’ म्हटलं आहे. हा शब्द मला आधी अवघड वाटला होता. आता वाटतं की बोलायला जड असला तरी अर्थाला तो अचूक आहे, कारण विद्या आहे ती परिस्थितीची. नुसत्या झाडांची नाही आणि नुसत्या प्राण्यांचीही नाही.

पण सगळे शब्द कोशातून आले नाहीत. पोरॉसिटी आणि पर्मिएबिलिटी या दोन शब्दांमध्ये मी चार दिवस अडकले होते. सच्छिद्रता आणि पारगम्यता असं मराठी करूनही दोन्ही एकच वाटत होतं. शेवटी आबांना विचारलं की विहीर खोदताना काय काय लागलं. त्यांनी वरून खाली सगळं सांगितलं: माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा, तुलनेने मऊ खडक. काही भोकं रिकामी, काही पांढऱ्या गारगोटीसारख्या खड्यांनी भरलेली. ‘‘मग मांजऱ्यातून पाणी आलं असेल?’’ मी म्हणाले. ‘‘भोकं हायती म्हनून पानी येत न्हाई. चीर लागली तितंच उपळा फुटला, पूर्वेच्या अंगाला.’’ पुस्तकाने सहा पानांत सांगितलेलं तिथे उलगडलं. लाव्हारस थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून खडकाला भोकं राहतात, पण भोकाला भोक जोडलेलं नसेल तर पाणी पुढे सरकत नाही. सच्छिद्रता म्हणजे किती जागा रिकामी आहे. पारगम्यता म्हणजे एका रिकाम्या जागेतून दुसरीत जायला वाट आहे का. आमच्या विहिरीला पाणी देते ती पूर्वेची एक चीर. दख्खनचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे मी वर्गात दर वर्षी सांगते. त्यातली आपली चीर कुठे आहे हे मला या उन्हाळ्यात कळलं.

ओढ्याचं काम मी शाळेच्या प्रयोगशाळेत केलं. मुख्याध्यापकांनी चावी दिली आणि सुट्टीत ती खोली माझी झाली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत 1888 सालची आहे आणि आजही शिकवली जाते. पुण्याहून मी 300 मिलिलिटरच्या, काचेच्या बुचाच्या चार बाटल्या आणल्या. ओढ्यावर जुना बंधारा आहे, त्याच्या वरच्या डोहात मेमध्येही पाणी असतं, हिरवट. बाटली पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मग लगेच, तिथेच काठावर, दोन मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि दोन मिलिलिटर अल्कलीयुक्त आयोडाइड. पिपेटचं टोक पाण्यात बुडलेलं हवं. बूच लावून बाटली उलटीसुलटी केली की आत गढूळ साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर तो पांढरा राहतो, असेल तर तपकिरी होतो. माझा तपकिरी झाला, काढ्याच्या रंगाचा, आणि सावकाश तळाला बसू लागला. मी ती बाटली दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिले. दिसत नाही ती गोष्ट दिसेल अशी करणं हीच रसायनशास्त्राची जादू मला विसाव्या वर्षी वाटली होती. ती तशीच शिल्लक होती.

प्रयोगशाळेत दोन मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळतो आणि पाणी आयोडिनने पिवळं होतं. त्यातलं 200 मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचं. रंग गवताच्या काडीसारखा फिका झाला की स्टार्च घालायचं. सगळं निळं होतं. मग थेंब-थेंब, निळा जाईपर्यंत. द्रावण 0.025 नॉर्मल असेल तर जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला, असा सोपा हिशेब.

पहिला आकडा आला 11.4. दुपारचं पाणी, तापमान 30 अंश. समुद्रसपाटीला एवढ्या तापमानाच्या पाण्यात हवेतून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो आणि वाई सातशे मीटरवर आहे म्हणून सातच्या आसपास. 11.4 कुठून येणार? मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम डायक्रोमेटने थायोसल्फेट तपासलं. द्रावण मी एप्रिलमध्ये करून खिडकीजवळ ठेवलं होतं, ते उतरलं होतं. 0.025 ऐवजी 0.020. द्रावण पातळ, म्हणून जास्त लागलं, म्हणून आकडा फुगला. दुरुस्त केल्यावर 9.1.

पण तरीही तो सातच्या वर होता. इथे मला थांबून विचार करावा लागला. चूक सापडली की ती सगळ्याचं उत्तर आहे असं मानायची घाई होते. उरलेलं पाण्यातच होतं. हिरवट रंग शेवाळाचा. दुपारी उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि पाण्यात मावतो त्याहून जास्त भरतं. मग रात्री काय होत असेल? रात्री तेच शेवाळ नुसतं श्वसन करतं, ऑक्सिजन सोडत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, मुलाला बॅटरी धरायला घेऊन मी डोहावर गेले. ताज्या द्रावणाने आकडा आला 4.2. एकाच डोहाचं पाणी, दुपारी 9.1 आणि पहाटे 4.2. आंघोळीच्या पाण्यात किमान 5 असावा असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. दुपारचा नमुना नेला तर डोह उत्तम ठरतो, पहाटेचा नेला तर नापास. कुठल्याही अहवालात आकड्यासमोर वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा यापुढे मी खरा मानणार नाही. मासे पहाटेही तिथेच असतात.

नकाशाचं काम त्यामानाने लवकर झालं. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर घेतलं. वाईचा पट्टा जुन्या टोपोशीटमध्ये 47 जी/13 वर येतो, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. अंतराळयानातून 2000 साली मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून ओढ्याचा पाणलोट काढला. क्षेत्रफळ विचारलं तर उत्तर आलं शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य काहीतरी. अर्धा दिवस गेला तेव्हा उमगलं की नकाशा अक्षांश-रेखांशात आहे, तो क्षेत्रफळही अंशांच्या वर्गात सांगतोय. यूटीएमच्या 43व्या पट्ट्यात आणल्यावर हेक्टर आले. रेघ डोंगराच्या धारेवरून फिरून बंधाऱ्याशी मिटली आणि आबांना दाखवली तेव्हा त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. ‘‘हितनं पानी पलीकडं जातं. रस्ता केला तवा चर मारलाय.’’ मी जाऊन बघितलं. चर होता. तीस मीटरच्या चौकटींत तो दिसण्यासारखा नव्हताच.

वाचलेल्यातलं एक सांगायलाच हवं. गॅरेट हार्डिनचा 1968 सालचा निबंध म्हणतो की सामाईक कुरणाची नासाडी ठरलेली, कारण जो तो आपलं एक जनावर वाढवतो. वाचताना पटतो. पण मला आठवली ती धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवरचे बंधारे, फडाफडाने ठरवलेलं पीक, पाणी फिरवणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी सामाईक पाणी नेमाने वाटून घेतलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली अशीच उदाहरणं अभ्यासली आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या विहिरीच्या त्या पूर्वेच्या चिरेवर आणखी तीन विहिरी आणि दोन बोअर आहेत. चीर सामाईक आहे, तिला पाटकरी नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर बहुधा इथे आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव होऊन गेला आणि मग दोन दिवस चांगला पाऊस लागला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईला येईतो हजाराच्या आत येतो. त्यामुळे आमच्याकडे दोन दिवसांचा पाऊसही मोठा. सोमवारी पहाटे मी उत्साहात विहिरीवर गेले. टेप सोडली, वर ओढली आणि बघते तो सगळा खडू भिजलेला. भिंतींतून पाणी निथळत होतं, थेंब टेपवर पडत होते, कोरड्या-ओल्याची रेघच नाही. पुन्हा पुसून, पुन्हा खडू लावून सोडली. तेच.

आबा घरात गेले आणि देवघरातलं जुनं, काठ चेपलेलं फुलपात्र घेऊन आले. त्याच्या बुडाला मधोमध खिळ्याने भोक पाडलं, टेपचं टोक आतून ओवून पक्कं बांधलं. फुलपात्र उपडं, तोंड खाली. ‘‘सोड आता. आन्‌ बोलू नगंस.’’

मी सोडत गेले. फुलपात्र खाली खाली गेलं, दिसेनासं झालं. मग खालून आवाज आला, डुबुक. दोन बोटं वर घेतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा डुबुक. आवाज येतो त्या क्षणी रेघेवर कोणता आकडा आहे तो वाचायचा, त्यात टेपच्या टोकापासून काठापर्यंतची फुलपात्राची उंची मिळवायची. तीनदा केलं, तिन्ही वेळा एका सेंटिमीटरच्या आत.

पाणी गेल्या सोमवारपेक्षा चार सेंटिमीटर खालीच होतं.

‘‘एवढा पाऊस झाला तरी?’’ मी म्हणाले.

‘‘आदी माती पिती,’’ आबा म्हणाले, ‘‘मग मुरूम. आपल्याला शेवटाला.’’

मी आकडा लिहिला, परस लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘खडू नाही, फुलपात्र’ असं लिहून वही पदराखाली धरली, कारण पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.