चेसिस नंबरावरून अस्सल पार्ट शोधताना

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा गाडीचा थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण आणि रबरी होजपाइप यांची खरी परीक्षा होते. फिटर बोनेट उघडतो आणि म्हणतो, "थर्मोस्टॅट गेला, भाऊ." नवा आणायला गेल्यावर नुसते 'स्विफ्टचा द्या' म्हणून भागत नाही. स्विफ्ट पेट्रोलवर आली, १.३ लिटर डिझेलवरही आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल बंदच झाली. एकाच नावाच्या दोन गाड्यांचे पार्ट एकमेकींना लागतीलच असे नाही.

नंबर प्लेटवर एमएच-२७ म्हणजे अमरावती, एमएच-३० म्हणजे अकोला. पण ही पाटी गाडीची नोंदणी कुठे झाली एवढेच सांगते. गाडी कशी घडली हे सांगतो चेसिस नंबर. आरसीवर तो छापलेला असतो आणि गाडीच्या पत्र्यावर कोरलेला. त्यात अक्षरे व आकडे मिळून १७ चिन्हे असतात. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे त्यात कधीच नसतात, कारण ती १ आणि ० यांच्याशी घोटाळा करतात. पहिली तीन चिन्हे उत्पादकाची: 'एमए३' म्हणजे मारुती सुझुकी, 'एमए१' महिंद्रा, 'एमएटी' टाटा. ३० वर्षांच्या आत जगातल्या कोणत्याही दोन गाड्यांना सारखा नंबर मिळू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. इतक्या थोड्या जागेत एवढी शिस्त पाहून मन थक्क होते.

ऑनलाइन कॅटलॉगमध्ये हा नंबर टाकला की त्याच गाडीची पाने उघडतात. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन असे विभाग; प्रत्येक विभागात सुटे भाग एकमेकांपासून अलग करून, बसवण्याच्या क्रमाने मांडलेले चित्र. चित्रातल्या आकड्यासमोर पार्ट नंबर मिळतो. त्या नंबरालाही अर्थ असतो. सुझुकीच्या पद्धतीत १६५१० ने सुरू होणारा ऑइल फिल्टर आणि १३७८० ने सुरू होणारा एअर फिल्टर. काळ्या मातीची धूळ खाणाऱ्या वऱ्हाडातल्या गाड्यांना हा दुसरा वरचेवर लागतो. पुढचे आकडे आणि अक्षरे तो पार्ट कोणत्या मॉडेलचा हे ठरवतात.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॅटलॉग चुकीच्या पार्टपासून वाचवतो, नकली पार्टपासून नाही. डुप्लिकेट माल विकणारा खोक्यावर बरोबर नंबर छापू शकतो. म्हणून खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी पाहावी. २०११ च्या वजनमाप नियमांनुसार ही माहिती छापणे बंधनकारक आहे. बिल तर हवेच. ब्रेक पॅडच्या बाबतीत शंभर-दोनशे रुपये वाचवण्याचा विचारही करू नये. नकली पॅड उतारावर तापल्यावर दगा देऊ शकतो.

उलट, जुन्या पार्टवरचा नंबर आणि नव्या खोक्यावरचा नंबर जुळला नाही, एवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. कंपनी पार्टमध्ये सुधारणा करते, तेव्हा जुना नंबर बंद होऊन नवा लागू होतो, आणि कॅटलॉगमध्ये जुन्यासमोर हा बदली नंबर दिलेला असतो. दुकानदाराशी हुज्जत घालण्याआधी तो बघून घ्यावा.