डॉ. आंबेडकर रोड : एका रस्त्याचे समाजशास्त्र

मुंबईत भायखळ्याकडून शीवकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. लालबाग, परळ, हिंदमाता, दादर टी. टी., माटुंगा असे टप्पे घेत तो उत्तरेकडे जातो. त्याचे भाग पूर्वी व्हिन्सेंट रोड, किंग्जवे या नावांनी ओळखले जात. गोऱ्या साहेबांची नावे गेली आणि बाबासाहेबांचे नाव आले, याचा आनंद आपल्या प्रत्येकाला आहे. परंतु पाटी बदलली म्हणून रस्त्याच्या दोन्ही अंगांची वस्ती बदलली काय, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. मला तो येथे विचारावयाचा आहे. ‘शहरात जात उरलेली नाही’ हे विधान व्याख्यानांतून आणि अग्रलेखांतून वारंवार ऐकू येते. या एका रस्त्याकाठची वस्ती कशी बसली एवढे पाहिले तरी ते विधान तपासता येते.

खेड्यात महारवाडा कोठे असावा हे गावकुसानेच ठरविलेले असते. शहराला गावकूस नसते. तेथे जात खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते. खोली कोणाच्या मालकीची, ती कोणाला मिळते, कोणत्या नियमाने मिळते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत शहरातील जात सापडते. कार्यकर्त्याने वस्तीत काम सुरू करताना हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत, असे माझे मत आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट, कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेकडे नवी वसाहत आखणे हे त्याचे काम. दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते, बागा आणि भूखंड ही त्याचीच आखणी. त्या भूखंडांवर जी वसाहत उभी राहिली तिची नावेच बोलकी आहेत : रस्त्याच्या एका अंगाला हिंदू कॉलनी, दुसऱ्या अंगाला पारशी कॉलनी. पुढे माटुंग्यात दाक्षिणात्य मध्यमवर्ग स्थिरावला. याच ट्रस्टने कामगारांसाठी आणि विस्थापितांसाठी एकेका खोलीच्या चाळीही बांधल्या; बी. आय. टी. चाळी त्या ह्याच. म्हणजे बागेसमोरचा बंगला आणि सार्वजनिक नळाची चाळ या दोन्ही गोष्टी एकाच कचेरीच्या नकाशावर आखल्या गेल्या. दादर टी. टी. मधील ‘टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. परळची चाळ आणि दादरची कॉलनी यांच्यात ट्रामने काही मिनिटांचेच अंतर होते. सामाजिक अंतर मोजावयाचे झाले तर ते ट्रामच्या तिकिटाने मोजता येणार नाही.

१९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्या बी. डी. डी. चाळी. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, चार मजले मिळून ऐंशी, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सर्वांना मिळून. मालक सरकार. भाड्याच्या पावतीवर जातीचा रकाना नव्हता. तरीही महारांच्या, पुढे बौद्धांच्या, चाळी वेगळ्या आणि सवर्ण कामगारांच्या चाळी वेगळ्या असेच चित्र तयार झाले. कारण उघड आहे. खोलीची खबर गाववाला गाववाल्याला देई, भाऊ भावाला आणी, आणि परक्या चाळीत एकट्याने बिऱ्हाड थाटण्याचे धैर्य अस्पृश्याला होणे शक्य नव्हते. मालकी सार्वजनिक होती, वाटणी मात्र ओळखीची होती.

गिरणीतही हेच घडले. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे; परंतु धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्याचे दार बंद होते. तो कमी मजुरीच्या खात्यांत राबे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. वर्गलढा आणि जातिलढा यांचे नाते काय, यावर आपण ग्रंथ लिहितो, परिसंवाद घेतो. त्याचे मूळ या परळ-लालबागच्या धोट्यात आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र संप केला. विणकाम खात्याचा प्रश्न ज्या नेत्याने दहा वर्षे आधी मांडला होता, तोच या संपात अग्रभागी होता, हे विसरता कामा नये.

आता बाबासाहेबांचे पत्ते पाहा. विद्यार्थिदशेत परळच्या डबक चाळीतील एक खोली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्या. या काळात ते कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकले, प्राध्यापक झाले, बॅरिस्टर झाले, महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेले तेव्हा राहावयास जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी पदवी खिशात असलेल्या माणसाला खोली मिळत नव्हती. १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमधील सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा जन्म झाला. आणि १९३० नंतरच्या वर्षांत, ट्रस्टने आखलेल्या हिंदू कॉलनीत, त्यांनी ‘राजगृह’ बांधले. ते मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले हे आपण सांगतो. पण ज्या वस्तीत अस्पृश्याला भाड्याची खोली मिळणे दुरापास्त होते तेथे अस्पृश्याने स्वतःचे घर बांधले, हाही त्या घटनेचा अर्थ आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांची अंत्ययात्रा याच घरातून निघाली आणि याच रस्त्यावर आली.

नाव आणि वस्ती यांतील विसंगती १९७४ च्या जानेवारीत रक्ताने लिहिली गेली. ५ जानेवारीला वरळीच्या बी. डी. डी. चाळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली. १० जानेवारीला पँथरचा मोर्चा परळमधून जात असता वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव या तरुणाचा बळी घेतला. दगड टाकणारे आणि दगड झेलणारे सारखेच कामगार होते. एकाच भोंग्याला उठणारे, तेवढ्याच खोलीत राहणारे. वर्ग एक होता, चाळ वेगळी होती. तेवढे पुरेसे ठरले.

दलित साहित्याच्या विद्यार्थ्याने तर हा रस्ता नकाशावर उघडून ठेवावा. दक्षिण टोकाजवळ नागपाड्याचा कावाखाना, जेथील जगणे दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये मांडले, आणि कामाठीपुरा, जेथे नामदेव ढसाळ वाढले. उत्तर टोकाजवळ माटुंगा लेबर कॅम्प, जेथे अण्णा भाऊ साठे राहिले, बाबुराव बागूल घडले. मध्ये वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह, पँथरच्या तरुणांचा अड्डा. आपले साहित्य ‘गावकुसाबाहेरचे’ म्हणून ओळखले जाते. त्याचा फार मोठा भाग या महानगराच्या खोल्यांतून आलेला आहे, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव मोडला आणि गिरण्यांच्या जागी मनोरे आले. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले. जुलै २०२० मध्ये राजगृहावर तोडफोड झाली. आता बी. डी. डी. चाळी पाडून म्हाडामार्फत पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाणाऱ्या माणसाच्या आनंदात मी सहभागी आहे. चाळीच्या आठवणींचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या सामायिक संडासापुढे सकाळी उभे राहून पाहावे. शिवाय येथे घरे सोडतीने ठरतात, आणि सोडतीला आडनाव वाचता येत नाही. जे शंभर वर्षांत झाले नाही ते, म्हणजे एकाच जिन्यावर सर्व जातींची दारे, यातून घडू शकेल.

परंतु सोडत एकदाच निघते. पुढे घर भाड्याने द्यायचे, विकायचे, सोसायटीचे नियम करायचे, हा सारा व्यवहार पुन्हा ओळखीच्या आणि दलालाच्या हाती जातो. माझे विद्यार्थी सांगतात की खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा मांसाहाराचा असतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर विचारणाऱ्याला एकच हवे असते. गावकुसाचे हे आजचे रूप आहे.

म्हणून दोन कामे तातडीची वाटतात. चाळी पडण्यापूर्वी कोणत्या चाळीत कोणत्या जातीची, कोणत्या जिल्ह्याची माणसे होती, खोली कोणामार्फत मिळाली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते सहज करता येईल. आणि नव्या इमारतींत सोसायट्या स्थापन होतील तेव्हा त्यांचे नियम वाचायला, सभेत उभे राहून हरकत घ्यायला आपली माणसे हजर असावीत. रस्त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले आहे. त्या रस्त्यावर आडनाव न सांगता खोली मिळेल, तेव्हा ते नाव सार्थ होईल.