अंड्यातील एकवीस दिवस

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत, तिने एकवीस दिवस इमानाने बसावे आणि अखेर चारपाचच पिले बाहेर पडावीत, असा अनुभव पुष्कळ शेतकरी कुटुंबांस येतो. उन्हाळ्यात हे नुकसान विशेष जाणवते. घरातील माणसे मग कोंबडीस दोष देतात किंवा नशिबास बोल लावतात. परंतु पुष्कळदा दोष कोंबडीचा नसतो. अंडी जमविण्याच्या व ठेवण्याच्या रीतीत तो असतो. अंड्यात गर्भ कसा वाढतो हे एकदा नीट ध्यानात आले, म्हणजे चूक कोठे होते तेही उमगते.

वाढीचा आरंभ

कोंबडी अंड्यावर बसल्यावरच गर्भाची वाढ सुरू होते, ही समजूत बरोबर नाही. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेच्या मुखाशी येताच कोंबड्याच्या शुक्रजंतूशी बीजाचा संयोग होतो. पुढे बलकाभोवती पांढरा बलक, पातळ पापुद्रे व कवच चढून अंडे बाहेर पडण्यास सुमारे एक दिवस लागतो. हा सर्व काळ फलित बीज कोंबडीच्या अंगच्या उबेत असते. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ अशी विभागणी होत जाते आणि अंडे घातले जाते तेव्हा बलकावरील लहानशा पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. ताजे फलित अंडे हे असे जिवंत असते.

अंडे सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली थंड राहिले, तर ही वाढ थांबते व ऊब मिळताच पुन्हा चालू होते. मात्र २७ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो. पुरी वाढ होण्यास ३७.५ अंशांच्या आसपास सतत ऊब लागते. वैशाखात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या अंड्यास पुरी ऊबही नाही आणि पुरता थंडावाही नाही. गर्भ अर्धवट वाढतो, दुबळा होतो आणि कोंबडी बसण्यापूर्वीच किंवा बसताच मरतो.

दिवसामागून दिवस

कोंबडी बसल्यावर वाढ झपाट्याने होते. दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके सुरू होतात. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीसमधील ॲरिस्टॉटल या विद्वानाने हृदय हा रक्ताचा हलता ठिपका म्हणून नोंदविला. तिसऱ्या दिवशी पाय व पंख यांचे अंकुर दिसतात आणि बलकावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरू लागते. पाचव्या दिवसापर्यंत डोळा काळा व ठळक होतो. आठव्या दिवसाच्या सुमारास पिसांचे अंकुर फुटतात. चौदाव्या दिवशी अंगावर मऊ लव आलेली असते आणि पिलू आपले डोके अंड्याच्या रुंद टोकाकडे वळवू लागते. हाडांसाठी लागणारा चुना ते बव्हंशी कवचातूनच घेते.

एकोणिसाव्या व विसाव्या दिवशी उरलेला बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. नंतर पिलू रुंद टोकाच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते आणि एकविसाव्या दिवशी कवच फोडून बाहेर येते. पोटातील या शिदोरीवर ते दोन दिवस अन्नावाचून तग धरू शकते.

या काळात गर्भ अधिक मरण्याचे दोन प्रसंग असतात : तिसरा ते पाचवा दिवस आणि शेवटचे तीन दिवस.

चूक ओळखण्याची रीत

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंड्याच्या रुंद टोकाशी विजेरी धरून पाहावे. तांबड्या शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे दिसले, तर गर्भ जिवंत आहे. नुसते रक्ताचे कडे दिसले, तर गर्भ मेला आहे. अंडे स्वच्छ दिसले, तर ते बाजूस काढून फोडावे. बलकावर केवळ बारीक पांढरा ठिपका असेल, तर अंडे अफलित होते व कोंबड्याकडे लक्ष पुरवावे. सुमारे दहा कोंबड्यांस एक निरोगी कोंबडा असावा. ठिपका पसरून पांढुरका चकता झाला असेल, तर गर्भ आरंभीच मेला. अशा वेळी अंडी उन्हाळ्यात कोठे व किती दिवस ठेविली होती, हे आठवून पाहावे.

काय करावे

उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनतीनदा गोळा करावीत. ओल्या वाळूत अर्धा पुरलेल्या मडक्यात, घरातील थंड कोपऱ्यात, निमुळते टोक खाली करून ती ठेवावीत. चार दिवसांहून जुनी अंडी खाण्यास वा विक्रीस काढावीत व शेवटची ताजी अंडीच उबवणीस लावावीत. थंडीच्या दिवसांत आठवडाभर ठेवण्यास हरकत नाही. अंडी धुऊ नयेत. कवचावरील पातळ लेप रोगजंतूंस अटकाव करतो. कोंबडीच्या जवळ दाणा व पाणी ठेवावे, म्हणजे तिला फार वेळ उठावे लागत नाही. अठराव्या दिवसानंतर अंड्यांस हात लावू नये. कवचास भोक पडल्यानंतर पिलू बाहेर येण्यास पुष्कळ तास लागतात. तेव्हा घाईने कवच सोलू नये. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त वाहत असते व पोटात बलक पुरता गेलेला नसतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील उबवणीच्या सातव्या रात्री एखाद्या घरी शेजारच्या बायामाणसांस जमवून विजेरीच्या उजेडात हे जाळे दाखवावे. ज्या घरधनिणीने कवचाआड हलणारा जीव एकदा पाहिला, ती पुढच्या वैशाखात अंड्यांची टोपली चुलीजवळ ठेवणार नाही.