केवडा की भुरी? आधी पान उलटून पाहा

अंबड म्हटलं की आता कारखानेच डोळ्यांसमोर येतात. पण इथे पाळीला येणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी, दिंडोरी-निफाडकडे, द्राक्षबाग आहे. आजचा विषय त्यांच्यासाठी.

ऑक्टोबर छाटणीनंतर पानावर पांढरं दिसलं की पहिला प्रश्न येतो, “काय मारू?” माझं म्हणणं, आधी पान उलटा.

केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळट, तेलकट डाग दिसतो. पान उजेडाकडे धरा, डाग स्पष्ट होतो. त्याच डागाच्या बरोबर खाली, दमट सकाळी, कापसासारखी पांढरी वाढ असते. भुरी पानाच्या दोन्ही बाजूंना येते. राख भुरभुरल्यासारखी दिसते, बोटानं पुसली जाते. मण्यावर आली तर पुढे मणी तडकतात.

शंका राहिली तर पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी वाढ आली तर तो केवडा.

आणि पांढरा कापूस घडात, सालीखाली असेल, हात चिकट होत असेल, मुंग्या फिरत असतील, तर तो रोग नव्हेच. ती मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. तिथे बुरशीनाशक मारून उपयोग नाही.

आता एवढी चिकित्सा कशासाठी? कारण दोन्ही रोगांची जातकुळीच वेगळी. भुरी ही खरी बुरशी. तिला पान ओलं लागत नाही, ढगाळ हवा पुरते. केवड्याचा जीव शेवाळाच्या जवळचा; त्याला रुजायला पानावर पाणी लागतं. म्हणून गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. फ्रान्समध्ये हेच झालं. भुरीला गंधकाचा उतारा सापडला होता, पण १८७८ मध्ये केवडा दिसला आणि नवं औषध शोधावं लागलं. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मांडलं.

आपल्याकडे नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळासोबत अवकाळी पाऊस आला आणि नाशिकच्या बागांत केवड्यानं किती नुकसान केलं, ते अनेकांना आठवत असेल. फुलोऱ्यात केवडा घडावर गेला की घड तपकिरी होऊन वाळतो. त्या वेळी चुकीची फवारणी म्हणजे नुसता पैसा गेला असं नाही, हातचे दिवस गेले. शिवाय निर्यातीच्या मालात प्रत्येक औषधाच्या उर्वरित अंशाचा हिशोब द्यावा लागतो.

म्हणून पाऊस किंवा दाट दव पडलं की सकाळी बागेत जा, पान उलटा, बोट फिरवा, मगच पंप भरा.